पाटीवरचा आकडा, गॅझेटातले नाव

चांदणी चौक मागे पडला की पिरंगुट लागते, मग पौड, मग मुळशी धरणाचे पाणी, आणि मग ताम्हिणीचा घाट. पावसाळ्यात ही वाट धबधबे बघणाऱ्यांनी भरलेली असते. घाट उतरून विळे आणि निजामपूर ओलांडले की माणगाव येते. तेथे तहसील कचेरीपाशी एका शिपायाचा पुतळा आहे: नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. मुंबई-गोवा रस्त्याने जाणारे हजारो लोक रोज माणगावातल्या गर्दीत अडकतात, पण गाडीतून उतरून हे नाव वाचणारे थोडे.

घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. त्या वर्षी घाटाच्या वरच्या अंगाला काय चालले होते ते आठवून पाहावे. त्याच वर्षी रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला होता. बावन्न गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी याच लढ्यात दिली. एका बाजूला मावळा सरकारशी भांडत होता, दुसऱ्या बाजूला त्याचेच भाऊबंद सरकारच्या पलटणीतून नुकतेच परतले होते. ही दोन चित्रे आपण सहसा एकाशेजारी एक ठेवत नाही. ठेवली तर पदकांचा विषय निव्वळ शौर्यकथांचा राहत नाही, म्हणून येथून सुरुवात केली.

सैन्यभरतीच्या भाषेत हा सारा मुलूख 'दखनी मराठा' आणि 'कोकणी मराठा' अशा दोन खान्यांत विभागलेला होता. १९०८ साली मेजर बेथम यांनी मराठे आणि दखनी मुसलमान यांच्यावर भरती अधिकाऱ्यांसाठी एक हस्तपुस्तकच तयार केले. कोणत्या जातीचा, कोणत्या भागातला जवान कसा, याची त्यात चर्चा आहे. जमिनीचा तुकडा लहान, भात एकच, मुंबईची गिरणी किंवा पलटण एवढेच दोन दरवाजे उघडे, हे कारण मात्र भरतीच्या पुस्तकांत फारसे ठळक नसते. तिथे रक्ताचे आणि परंपरेचे गुण जास्त.

पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेल्या. डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन' असे होते. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ती १४७ दिवस अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. पुढे तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून पायी चाललेल्यांपैकी किती परत आले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कोकणातल्या कित्येक गावांत चावडीपाशी किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी सापडते. या गावातून इतके लोक १९१४-१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच तिचा मजकूर. आकडा असतो, नावे नसतात. मला या पाट्यांची नेहमी चीड येते आणि तरीही दिसली की थांबल्यावाचून राहवत नाही.

नाव मिळायचे ते पदकाने. हिंदी शिपायासाठी १८३७ पासून 'ऑर्डर ऑफ मेरिट' होती. तिच्याबरोबर पगारात वाढ आणि मागे राहिलेल्या विधवेला पेन्शन, असा रोकडा व्यवहार होता. १९०७ मध्ये तिच्या खालोखालचे 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल' निघाले. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ पासून अस्तित्वात असला तरी हिंदी शिपायाला तो खुला झाला १९११ साली, पंचम जॉर्जच्या दिल्ली दरबाराच्या वर्षी. पहिल्या महायुद्धात हिंदी सैन्यातल्या अकरा एतद्देशीय जवानांना तो मिळाला. त्यांत मराठा पलटणींतला एकही नव्हता. कुतला उपाशी राहून लढलेल्यांच्या वाट्याला खालची पदके आली आणि पाटीवरचे आकडे आले.

१९२२ च्या पुनर्रचनेत या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियनी झाल्या. १०३ झाली पहिली, म्हणजे 'जंगी पलटण', ११० झाली तिसरी. ११४ वी बेळगावात प्रशिक्षणाची पलटण म्हणून राहिली आणि बेळगाव हे रेजिमेंटचे घर झाले. रिकामे गेलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे खाते दुसऱ्या महायुद्धात उघडले, तेही नेमके याच पहिल्या आणि तिसऱ्या बटालियनमध्ये.

घाडगे तिसऱ्या बटालियनमध्ये होते. ही बटालियन १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढली, तेव्हा तिचे कमांडिंग ऑफिसर होते डेनिस रीड. तेच रीड १९४४ च्या उन्हाळ्यात इटलीत दहाव्या हिंदी डिव्हिजनचे सेनापती होते आणि त्यांची जुनी बटालियन त्यांच्याच हाताखाली टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून उत्तरेकडे सरकत होती. १० जुलै १९४४ रोजी घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले, उभा राहिला तो एकटा सेक्शन कमांडर. त्याने धावत जाऊन ग्रेनेड टाकला, मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्याने दस्त्याने ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. वय बावीस.

आता कागदाचा विचार करू. व्हिक्टोरिया क्रॉसच्या शिफारशीला प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या साक्षी जोडाव्या लागत. इथे तर सेक्शन आडवा झालेला. म्हणजे ही हकिकत जखमी होऊन पडल्या पडल्या पाहणाऱ्यांनी किंवा मागून येणाऱ्यांनी सांगितलेली असणार, बहुधा मराठीतून, आणि कोणा अधिकाऱ्याने ती इंग्रजीत उतरवली असणार. २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटात ती छापून आली. दुसरी गोष्ट नियमाची. मिलिटरी क्रॉस किंवा मिलिटरी मेडल मेलेल्या माणसाला देता येत नसे. ब्रिटिश पद्धतीत रणांगणावर मेलेल्या सैनिकासाठी एक तर सर्वोच्च पदक, नाहीतर खलित्यात नुसता उल्लेख. 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा जुना अपवाद होता, १८९७ मध्ये सारागढीच्या एकवीस शिखांना ती मरणोत्तर मिळाली होती. पण एकूण हिशेब असा की, मधल्या मापाचे शौर्य गाजवून जो मेला त्याचे नाव पुन्हा आकड्यातच गेले.

दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. जन्म १८ नोव्हेंबर १९२१, घाडगे यांच्या जन्मानंतर दोनच दिवसांनी. ते पहिल्या बटालियनमध्ये साधे शिपाई होते, कंपनीचे निरोपे. आठव्या हिंदी डिव्हिजनने ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडली, त्या दिवशीची त्यांची कामगिरी. नदीच्या दोन्ही काठांना उंच बांध, बांधात जर्मन चौक्या, उतारावर सुरुंग. जाधवांनी आधी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले. लढाई त्यानंतरची. एक मशीनगन चौकी त्यांनी बंद पाडली, हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा ती फेकून दिली आणि ग्रेनेडवर काम चालवले. ग्रेनेड संपत आले की सरपटत बांधाच्या माथ्यावर जायचे, पलीकडच्या उतारावरच्या साथीदारांकडून नवे घ्यायचे, असे करत आणखी दोन चौक्या संपवल्या. शेवटी तोफमारा चालू असताना बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि उरलेल्या कंपन्यांना हाताने खुणावून पलीकडे बोलावले.

ती गर्जना काय होती, ते शब्द गॅझेटात नाहीत. 'मराठा युद्धगर्जना' एवढेच इंग्रजीत आहे. रेजिमेंटची घोषणा महाराष्ट्राला पाठ आहे, छत्रपती शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची. ब्रिटिश बादशहाच्या सैन्यातला शिपाई बादशहाच्या लढाईत शिवाजी महाराजांचे नाव घेतो, यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नाही. ज्या वर्षी नामदेव सेनिओच्या बांधावर उभे होते त्या वर्षी साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते आणि तिथेही महाराजांचेच नाव होते. जाधवांच्या आडनावाचे स्पेलिंगही इंग्रजी याद्यांत दोन-तीन तऱ्हांनी आढळते. शोध घेणाऱ्याने प्रत्येक तऱ्हेने शोधावे, नाहीतर माणूस हातून निसटतो.

स्वातंत्र्यानंतर या पदकांचे काय करायचे, हे आपल्याला नीट ठरवता आले नाही. सत्याग्रहींच्या याद्या झाल्या, सन्मानपत्रे झाली, ते योग्यच होते. पलटणीतून परतलेला शिपाई मात्र शाळेच्या इतिहासात बसेना. त्याला साम्राज्याचा चाकर म्हणावे तर त्याच रेजिमेंटने १९४७ नंतर देशाच्या सीमा राखल्या. वीर म्हणावे तर पदकावर राणीचे नाव. माझ्या मते हा पेच शिपायाचा नाही, आपला आहे. पळसगावच्या मुलाने इटलीतली टेकडी निवडली नव्हती, पण सगळे पडल्यावर पुढे धावायचे की आडोसा धरायचा, हे त्याने स्वतः ठरवले होते.

नामदेव जाधव युद्ध संपल्यावर परतले, पुढे हवालदार झाले आणि २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात वारले. यशवंत घाडगे यांची कबर नाही. ज्यांच्या अंत्यस्थानाचा ठावठिकाणा नाही अशांची नावे कोरलेल्या कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. २०२३ च्या जुलैमध्ये इटलीतल्या पेरुजा प्रांतात, माँतोने गावात, त्यांच्या नावाने एक स्मारक उभारले गेले. ते सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वाक्य त्यावर कोरले आहे.