म्युकरचं खापर कांद्यावर

नाशिकमध्ये 2021 ची आठवण निघाली की लोक 21 एप्रिल सांगतात. डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयातल्या ऑक्सिजन टाकीला गळती लागली, दाब पडला आणि त्या दिवशी 22 रुग्ण गेले. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत कोविडमधून उठलेल्या माणसांच्या तोंडावर आणि डोळ्यांवर जे आलं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मी तेव्हा शहरातल्या एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन होते. तो म्युकर, लोकांच्या भाषेत काळी बुरशी, मी स्लाइडवर पाहिला.

नमुना म्हणजे नाकातली काळी खपली, नाहीतर टाळूचा तुकडा. तो कुटायचा नाही, असं आमच्या मॅडमनी बजावलं होतं. या बुरशीचे तंतू नाजूक. कुटले की मरतात आणि कल्चरमध्ये काही उगवत नाही. म्हणून ब्लेडने बारीक चिरायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि मांस विरघळू द्यायचं. मग तंतू दिसत: रुंद, फितीसारखे, मध्येच दुमडलेले, आत पडदे जवळपास नाहीत, फांदी फुटलेली काटकोनात. ॲस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे तंतू अरुंद, पडदे असलेले, फांदी तिरपी. ही ओळख लगेच पटवावी लागे, कारण ॲस्परजिलसला दिलं जाणारं व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. बाहेर बाकावर नातेवाईक बसलेले असत. रुग्णाला ऑपरेशन थिएटरमध्ये घ्यायचं की नाही, हे त्या स्लाइडवर अडलेलं असे.

काळी बुरशी हे नाव पडलं खरं, पण ही बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिनीत शिरते, रक्त अडवते आणि पुढचं मांस मरून काळं पडतं. या नावाने आमच्या जिल्ह्यात वेगळाच घोळ घातला. कांद्याच्या सालीवरचा काळा थर म्हणजेच म्युकर, असा संदेश मोबाइलवर फिरला. निफाडहून वडिलांचा फोन आला, "बाई, उन्हाळ कांदा चाळीत भरून बसलोय. आता लासलगावला कोण घेईल तो?" त्यांना सांगितलं, दादा, कांद्यावरची काजळी ॲस्परजिलस नायजर नावाच्या दुसऱ्याच बुरशीची. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण शेजारच्यांचा नाही.

कांदा झाला, फ्रिज झाला, मास्क झाला. खापर सगळ्यांवर फुटलं. म्युकरचे बीजाणू मातीत, शेणखतात, कुजलेल्या पाल्यात असतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासात घेतो. पाल्टाउफ या पॅथॉलॉजिस्टने या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं ते 1885 मध्ये. 1943 मध्ये अमेरिकेत तीन मधुमेही रुग्णांची नोंद छापून आली. त्यांच्यात आजार नाक, डोळा, मेंदू असा चढत गेला होता. चंदीगढच्या पीजीआयमधले डॉ. अरुणालोके चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी कोविडच्या कितीतरी आधीपासून लिहीत होते की भारतात हा आजार फार आहे आणि त्याचं मुख्य कारण ताब्यात नसलेली शुगर आहे. ते वेळीच ऐकायला हवं होतं.

त्यात स्टेरॉइडची भर पडली. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने जून 2020 मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा उपयोग दाखवला: रोज 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 10 दिवस. फायदा झाला तो ऑक्सिजन लागणाऱ्यांना. ज्यांना तो लागत नव्हता, त्यांना झाला नाही. दुसऱ्या लाटेत बेड मिळेना, तेव्हा हीच गोळी घरी, ताप आल्याआल्या, शुगर न तपासता घेतली गेली. स्टेरॉइडने शुगर चढते आणि प्रतिकारशक्ती दबते. म्युकरला एवढं पुरे होतं. एका बोटाच्या टोचणीने शुगर कळते, आणि तेवढं न झाल्यामुळे माणसांचे डोळे गेले, याची मला आजही चीड येते.

मे 2021 मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार नोंदणीसक्तीचा करायला सांगितलं. जुलैपर्यंत देशात 45,000 वर रुग्ण आणि 4,300 वर मृत्यू नोंदले गेले. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रातले.

औषध होतं, ॲम्फोटेरिसिन बी. ते 1950 च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं. मातीतल्या बुरशीवर मातीतलंच औषध. लायपोसोमल प्रकाराचा डोस वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 50 मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या, आणि तेही काही आठवडे. मेडिकलमध्ये ते मिळत नव्हतं. केंद्राकडून राज्याला आणि राज्याकडून जिल्ह्याला कोटा येई. वर्ध्याच्या जेनेटिक लाइफसायन्सेसने उत्पादन सुरू केलं, 12 जूनला जीएसटी माफ झाला. इकडे आमच्या लॅबमध्ये औषध मिळालेल्या रुग्णांचे क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे नमुने येत राहिले, कारण या औषधाने किडनीला त्रास होतो.

वाचलेल्यांपैकी अनेकांचा वरचा जबडा आणि टाळू काढावा लागला. टाळूला भोक असलं की पाण्याचा घोट नाकातून बाहेर येतो आणि बोलणं गेंगाणं होतं. दंतवैद्य माप घेऊन ॲक्रिलिकची प्लेट बनवतात. तीच टाळू, तिलाच दात. ती रोज काढून धुवावी लागते, आणि तोंडाचा आकार बदलला की सैल होते, मग नवी करावी लागते. त्या वर्षी नोंद झाली ती रुग्णांची आणि मृत्यूंची. आज किती जणांना नवी प्लेट हवी आहे, याचीही तितकीच नेटकी नोंद महापालिकेने आणि जिल्ह्याने ठेवावी आणि तिचा खर्च उचलावा.