अंतरावरचा व्यवहार आणि कायदा : भारतातील ई-वाणिज्याच्या नियमनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विकसनशील देशांतील ई-वाणिज्याविषयी लिहिताना संगणक, इंटरनेट व मोबाईल यांच्या प्रसाराचा वृत्तान्त सांगण्याकडे अभ्यासकांचा कल दिसतो. तो आवश्यक आहेच. तथापि या व्यवहाराच्या मुळाशी असलेला प्रश्न तंत्रज्ञानाहून जुना आहे. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या दोन पक्षांमध्ये खरेदी-विक्री होते, तेव्हा फसवणुकीची जोखीम कोणी सोसावयाची, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात भारताच्या उदाहरणावरून कायद्याने या प्रश्नाला कोणत्या क्रमाने हात घातला, याचा आढावा घेतला आहे. कायद्याने प्रथम दस्तऐवजाची, नंतर मध्यस्थ कंपनीची, त्यानंतर किरकोळ व्यापाऱ्याची आणि सर्वांत शेवटी ग्राहकाची दखल घेतली, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

इंटरनेटपूर्व पार्श्वभूमी

अंतरावरून खरेदी करणे भारतीय समाजास नवीन नव्हते. टपाल खात्याने १८७७ साली व्हॅल्यू पेएबल, म्हणजेच आपल्याकडे रूढ झालेली 'व्ही.पी.'ची पद्धत सुरू केली. पोस्टमनने पार्सल आणावयाचे, किंमत वसूल करावयाची व ती विक्रेत्याकडे पोहोचवावयाची, अशी ही व्यवस्था होती. खेड्यापाड्यांतील मराठी वाचकांपर्यंत कितीतरी पुस्तके याच मार्गाने पोहोचली. या पद्धतीत दोन्ही पक्षांचा विश्वास परस्परांवर नसून टपाल खात्यावर होता.

न्यायालयांपुढेही हा प्रश्न इंटरनेटच्या कितीतरी आधी आला. १९५९ साली अहमदाबादच्या व्यापाऱ्यांनी विदर्भातील खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीशी दूरध्वनीवरून सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल न आल्याने खरेदीदारांनी अहमदाबादेत दावा लावला. करार नेमका कोठे झाला, हा वादाचा मुद्दा होता. १८७२ च्या करार कायद्याच्या कर्त्यांपुढे टपाल होते, दूरध्वनी नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने असा निर्णय दिला की, दूरध्वनीवरील करार जेथे स्वीकृती ऐकू येते तेथे, म्हणजे या प्रकरणी अहमदाबादेत, पूर्ण होतो. न्या. हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदविले. दाद कोणत्या गावी मागावयाची, हा पेच पुढे ई-वाणिज्यात अधिक तीव्रतेने उभा राहिला.

पहिला टप्पा : दस्तऐवजास मान्यता

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा आयोगाने १९९६ साली इलेक्ट्रॉनिक वाणिज्याचा आदर्श कायदा तयार केला आणि जानेवारी १९९७ मध्ये महासभेने सदस्य राष्ट्रांना त्याचा विचार करण्याची शिफारस केली. त्याच्या आधारे भारताने माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० संमत केला. तो १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. इलेक्ट्रॉनिक नोंद ही कागदी लेखासमान व डिजिटल स्वाक्षरी ही हस्ताक्षरासमान मानावी, हा त्याचा गाभा होता. मृत्युपत्र, स्थावर मालमत्तेची विक्री इत्यादी दस्तऐवज त्यातून वगळले होते.

प्रत्यक्षात सामान्य ग्राहकाने डिजिटल स्वाक्षरी करून वस्तू विकत घेतल्या नाहीत. त्याने 'मला मान्य आहे' या चौकटीवर केवळ कळ दाबली. त्या चौकटीमागील अटी एकट्या कंपनीने लिहिलेल्या असत आणि वाद कोणत्या शहरातील न्यायालयात चालेल, हेही बहुधा त्यांतच ठरविलेले असे. फसलेल्या ग्राहकाने काय करावे, याविषयी २००० च्या अधिनियमात स्वतंत्र प्रकरण नव्हते.

हे अपरिहार्य होते काय? दक्षिण आफ्रिका हाही विकसनशील देश. त्याने २००२ च्या आपल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहार कायद्यातच ग्राहक संरक्षणाचे प्रकरण घातले. विक्रेत्याने कोणती माहिती द्यावी हे त्यात सांगितले आणि काही अपवाद वगळता सात दिवसांत विनाकारण व्यवहार रद्द करण्याचा अधिकारही दिला. तेव्हा भारतातील विलंबाचे कारण केवळ आर्थिक मागासलेपणात शोधता येत नाही.

दुसरा टप्पा : मध्यस्थ आणि व्यापारी

२००४ मध्ये एका लिलाव-संकेतस्थळावर वापरकर्त्याने विक्रीस ठेवलेल्या आक्षेपार्ह चित्रफितीबद्दल त्या संकेतस्थळाच्या प्रमुखास अटक झाली. मध्यस्थाची जबाबदारी कोठवर, ही चर्चा त्यामुळे तीव्र झाली. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, कलम ७९ अन्वये मध्यस्थांना सशर्त अभय मिळाले. त्याच दुरुस्तीतील कलम १०-अ ने केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपाच्या कारणावरून करार अमान्य ठरणार नाही, हे स्पष्ट केले.

किरकोळ व्यापाऱ्यांच्या हिताचा प्रश्न थेट परकीय गुंतवणुकीच्या धोरणातून हाताळला गेला. २०१६ मध्ये 'बाजारपेठ' स्वरूपाच्या संकेतस्थळांना गुंतवणुकीची मुभा स्पष्ट करण्यात आली. १ फेब्रुवारी २०१९ पासून, ज्या विक्रेत्या कंपनीत संकेतस्थळाचे भागभांडवल आहे तिचा माल त्या संकेतस्थळावर विकण्यास मनाई झाली.

कायद्यातील पोकळी आणि व्यवहारातील तोडगा

या काळात ग्राहकाने आपले संरक्षण आपणच शोधले. २००७ साली बंगळुरात स्थापन झालेल्या फ्लिपकार्टने २०१० मध्ये 'माल मिळाल्यावर पैसे' ही सोय सुरू केली आणि ती लवकरच सर्वत्र रूढ झाली. ही व्ही.पी.चीच नवी आवृत्ती होय. कार्डाचा अल्प प्रसार हे तिचे एक कारण खरे. परंतु वस्तू दारात येईपर्यंत पैसा आपल्या हाती राहतो, हे कारणही तितकेच महत्त्वाचे होते. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाईन कार्ड-व्यवहारांस अतिरिक्त पडताळणी सक्तीची केली आणि २०१६ मध्ये यूपीआय आले. त्यामुळे पैसे देणे सुरक्षित व सुलभ झाले; पण सदोष वस्तूचे पैसे परत कसे मिळवावयाचे, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

तिसरा टप्पा : ग्राहक

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार विरुद्ध पक्षाच्या ठिकाणी किंवा जेथे वादकारण पूर्णतः वा अंशतः उद्भवले तेथे दाखल करावी लागे. म्हणजे काही शे रुपयांच्या वस्तूसाठीही, करार कोठे झाला याची खामगावच्या सौद्यासारखी चर्चा प्रथम करावी लागण्याचा संभव होता. २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या नव्या कायद्यातील कलम ३४ ने ग्राहकास तो राहतो वा काम करतो त्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा दिली. पाठोपाठ आलेल्या ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार तक्रार अधिकारी नेमणे, ४८ तासांत तक्रारीची पोच व महिन्याच्या आत निवारण बंधनकारक झाले. सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. तथापि, दक्षिण आफ्रिकेप्रमाणे विनाकारण व्यवहार रद्द करण्याचा सर्वसाधारण अधिकार या नियमांत नाही.

निष्कर्ष

इलेक्ट्रॉनिक नोंदीस कायद्याचे बळ २००० साली मिळाले. त्याच व्यवहारातील ग्राहकास स्वतःच्या गावी दाद मागण्याची स्पष्ट तरतूद लागू होण्यास २०२० साल उजाडावे लागले. व्यक्तिगत माहितीच्या बाबतीतही असाच विलंब दिसतो. खासगीपणाचा मूलभूत हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केला, अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे.

गुंतवणूकदार व कंपन्या संघटित असतात, त्यांची गरज शासनापर्यंत लवकर पोहोचते. एकेकट्या ग्राहकाचे गाऱ्हाणे विखुरलेले राहते. या क्रमामागील प्रमुख कारण प्रस्तुत लेखकास हेच वाटते. वाणिज्य शाखेच्या वर्गात माहिती तंत्रज्ञान अधिनियम व ग्राहक संरक्षण कायदा स्वतंत्र विषय म्हणून शिकविले जातात. ते एकत्र ठेवून शिकविल्यास, आज प्रत्येक विद्यार्थी ज्या चौकटीवर न वाचता कळ दाबतो, तिच्यामागील इतिहास आणि आपला हक्क, दोन्ही त्याच्या ध्यानी येतील.