वेंडेल स्कॉटचा चषक आणि त्याचे टायर

1972 साली दलित पँथरची स्थापना झाली आणि अमेरिकेतील काळ्या माणसाच्या लढ्याविषयी आपल्याकडे अधिक बोलले-लिहिले जाऊ लागले. पण ते मुख्यतः साहित्य आणि राजकारण या दोन अंगांनी. खेळाच्या मैदानाकडे आपण फारसे वळलो नाही. मोटारींची शर्यत तर चैनीचा विषय म्हणून बाजूलाच राहिली. डहाणू-तलासरीकडच्या माणसाला तरी ती परकी वाटू नये. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावरच्या गॅरेजांतून पाड्यांवरची आणि आमच्या वस्त्यांतली कितीतरी पोरे हातात पाना घेऊनच वाढली. आवाजावरून इंजिनाचा बिघाड ओळखणारे कान त्यांचे. ट्रक मात्र दुसऱ्याचा. हात कोणाचे आणि यंत्र कोणाचे, हा प्रश्न मनात ठेवूनच वेंडेल स्कॉटच्या चरित्राकडे पाहिले पाहिजे.

स्कॉटचा जन्म 29 ऑगस्ट 1921 रोजी व्हर्जिनियातील डॅनव्हिल येथे झाला. हे गाव कापडगिरण्यांचे आणि तंबाखूच्या कारखान्यांचे. वडील धनिक गोऱ्या कुटुंबांकडे मोटारचालक आणि मेस्त्री. मालकाच्या भोंग्यावर जगायचे नाही, हे मुलाने लवकरच ठरवले. शाळा सोडून त्याने टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला (तिथेही काळ्यांच्या पलटणी वेगळ्या), आणि परत येऊन स्वतःचे गॅरेज काढले. जोडीला चोरटी दारू वाहायचा. स्टॉक कार म्हणजे बाजारात विकल्या जाणाऱ्या बनावटीचीच मोटार, शर्यतीसाठी दुरुस्त केलेली. या खेळातले सुरुवातीचे पुष्कळ गोरे चालकही दारू वाहूनच तरबेज झाले होते. दमण-सिल्व्हासाची स्वस्त दारू आणि सीमेवरचे नाके ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

1952 साली डॅनव्हिलच्या शर्यतवाल्यांना गर्दी वाढवायची होती. एखादा काळा चालक उतरवला तर लोक तमाशा पाहायला येतील, असा त्यांचा हिशेब. असा माणूस कोण, हे त्यांनी पोलिसांना विचारले, आणि पोलिसांनी स्कॉटचे नाव दिले! ज्याचा पाठलाग करून ते थकले होते, त्याच्या कौशल्याची पहिली पावती त्यांनीच फाडली. म्हणजे या क्षेत्राचे दार उघडले ते समतेच्या जाणिवेने नव्हे, तिकिटांच्या विक्रीसाठी. प्रेक्षकांनी शिव्या घातल्या, काही चालकांनी मुद्दाम धडका दिल्या. तो हटला नाही. 1959 साली त्याने व्हर्जिनिया राज्याचे एक अजिंक्यपद मिळवले आणि 1961 पासून नॅसकार या संघटनेच्या सर्वांत वरच्या श्रेणीत तो उतरू लागला.

1 डिसेंबर 1963. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल. अर्ध्या मैलाची मातीची पट्टी, 200 फेऱ्या. स्कॉटची शेव्हरोले गाडी नेड जॅरेट या चालकाकडून घेतलेली, जुनी. सुमारे 25 फेऱ्या उरल्या असता त्याने रिचर्ड पेटीला मागे टाकले. पुढे त्याने ठरलेले अंतर पूर्ण केले, तरी शेवटचे निशाण काही हलेना. तो धावतच राहिला. निशाण हलले ते बक बेकर या गोऱ्या चालकासाठी, आणि चषकही त्यालाच. स्कॉटने दाद मागितली. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, नोंदवह्या पुन्हा तपासल्या गेल्या आणि स्कॉट दोन फेऱ्यांनी पुढे होता हे मान्य झाले. कारण दिले ते नोंदीतील चुकीचे. विजेत्याला चषक देऊन त्याचे चुंबन घ्यायला तिथे एक गोरी सुंदरी उभी असे. ते दृश्य त्यांना नको होते, असे स्कॉटचे म्हणणे. वॉशिंग्टनचा विराट मोर्चा होऊन तेव्हा तीनच महिने झाले होते.

बक्षिसाचे पैसे त्याला मिळाले, पण तो चषक हयातीत मिळाला नाही. 23 डिसेंबर 1990 रोजी तो वारला. 2015 साली नॅसकारने त्याला आपल्या सन्मानदालनात घेतले आणि 28 ऑगस्ट 2021 रोजी, त्याच्या जन्मशताब्दीच्या आदल्या दिवशी, चषक कुटुंबाच्या हाती दिला.

स्कॉटविषयी लिहिणारे बहुधा या चषकापाशी थांबतात. मला ते अपुरे वाटते. चषक उशिरा का होईना देता येतो. त्याला खर्च फार येत नाही. जे कधीच भरून देता येणार नाही, ते म्हणजे टायर. मोठ्या कंपन्या ज्या काळात निवडक चालकांना गाड्या, इंजिने आणि पगारी मेस्त्री पुरवीत होत्या, त्या काळात स्कॉट इतरांनी वापरून टाकलेले टायर आणि जुने सुटे भाग घेऊन धावत होता. गाडी दुरुस्त करणारा तोच आणि शर्यतीत हाताखाली त्याचीच मुले. नवी गाडी फुटली तर कंपनी दुसरी देते. याची फुटली तर घरचा पैसा जातो. म्हणून गाडी जपून चालवायची, शर्यत पुरी करायची आणि मिळेल त्या बक्षिसावर पुढची शर्यत गाठायची. अशा अवस्थेत तो 495 शर्यती धावला आणि त्यांपैकी 147 वेळा पहिल्या दहांत आला. 1966 साली वर्षाच्या गुणतक्त्यात तो सहावा होता.

याच काळात रिचर्ड पेटीने जिंकलेल्या शर्यतींची संख्या पुढे 200 वर गेली. पेटी थोर चालक, यात वाद नाही. पण त्याचे वडील ली पेटी 3 वेळा अजिंक्य ठरलेले. गाडी, गॅरेज आणि नाव हे सारे त्याला घरातच मिळाले. 200 आणि 1 हे आकडे शेजारी ठेवून 'गुणवत्ता' मोजणारा माणूस आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका शेजारी ठेवून राखीव जागांवर व्याख्यान देणारा माणूस एकाच शाळेत शिकलेले दिसतात.

आपल्याकडे पळवणकर बाळूचे उदाहरण आहे. पूना क्लबच्या मैदानावर महिना 4 रुपयांवर राबणारा हा चर्मकार तरुण 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आला. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्याला कधी दिले नाही. पुण्यात त्याच्याबरोबर खेळणारे त्याला चहा वेगळ्या मातीच्या कपात, बाहेर देत. तरी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. बाळूचे सामर्थ्य त्याच्या डाव्या हातात होते आणि चेंडू कोणाचाही चालत होता. स्कॉटचे कौशल्य यंत्रावाचून प्रकटच होऊ शकत नव्हते, आणि यंत्राला भांडवल लागते. 1938 साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही अशी दोन्ही शत्रूंची नावे एका दमात घेतली होती. त्यातले एकच पाठ करण्याची सवय आपल्या दोन्ही बाजूंच्या मंडळींना आहे.

1973 साली अलाबामातील टॅलाडेगा येथे अनेक गाड्यांचा अपघात झाला. त्यात स्कॉटची हाडे मोडली, कर्ज काढून घेतलेली नवी गाडी चिरडली गेली आणि त्याची कारकीर्द जवळजवळ तिथेच संपली. त्याच टॅलाडेगाला 4 ऑक्टोबर 2021 रोजी बब्बा वॉलेस जिंकला. या सर्वोच्च श्रेणीत जिंकणारा तो दुसरा काळा चालक, स्कॉटनंतर जवळजवळ 58 वर्षांनी. तो चालवीत होता ती गाडी ज्या संघाची होती, त्याचा एक मालक होता बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन.