मनीऑर्डरच्या कुपनांतली पणजी

24 एप्रिल 1890 रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची मोठी सभा भरवली. सुमारे दहा हजार कामगार जमले. रविवारच्या सुट्टीची मागणी झाली आणि त्याच वर्षी ती मान्यही झाली. या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या होत्या. कामगार चळवळीच्या इतिहासात त्या येतात त्या एवढ्याच उल्लेखाने: 'दोन स्त्रिया'. हजारो लोकांसमोर उभ्या राहिलेल्यांची ही गत, तर ज्या कधी व्यासपीठावर चढल्याच नाहीत त्यांचा माग कुठे काढायचा? घरात काढावा लागतो. माझ्या पणजीच्या बाबतीत मी तेच केले.

आमच्या रत्नागिरीकडच्या घराण्याची वंशावळ सात पिढ्यांची आहे. तीत सगळी पुरुषांची नावे. पणजी, म्हणजे माझ्या वडिलांची आजी, तीत नाही. घरातल्या बोलण्यात मात्र ती आहे. "फार सोशिक होती." "हाताला चव होती." "मानमोडीत नवरा गेला आणि ती मुंबईस गेली." पहिली दोन वाक्ये कोणत्याही घरातल्या कोणत्याही आजीला लागू पडतील. तिसऱ्या वाक्यात इतिहास आहे. जुनी माणसे सन सांगत नाहीत. साथ, दुष्काळ आणि संप सांगतात. मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएंझा. तेवढ्या एका शब्दावरून तिच्या वैधव्याचे वर्ष हाती लागले.

त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला जाणे नवे नव्हते. घरटी कोणी ना कोणी बोटीने गिरणीत जाई. जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त, असे खानेसुमारीचे आकडेच सांगत. पण हे जाणारे बहुतेक पुरुष. पणजी सहा वर्षांच्या मुलाला, म्हणजे माझ्या आजोबांना, दिराकडे ठेवून आणि तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन गेली. लालबागला नात्यातल्या कुटुंबाच्या खोलीत तिने कोपरा धरला आणि गिरणीच्या वाइंडिंग खात्यात लागली.

गिरणीत बायकांची खाती ठरलेली होती: वाइंडिंग आणि रिळिंग. वाइंडिंगमध्ये बॉबिनवरचे सूत पुढच्या कामासाठी गुंडाळायचे, रिळिंगमध्ये सुताच्या लडी करायच्या. मजुरी कामाच्या मापावर. कामावर घेणारी नायकीण. तिला दस्तुरी दिल्याखेरीज काम मिळणे आणि टिकणे कठीण. 1922 च्या कायद्याने दिवसाची कमाल मर्यादा अकरा तासांवर आणली. यावरून आधीचा दिवस केवढा असेल ते समजावे.

माझी आत्या आज शहाऐंशी वर्षांची आहे. पणजीच्या त्या मुलीबद्दल तिने ऐकलेले एकच वाक्य ती सांगते: "पोर फार शहाणी होती, दिवसभर झोपून असायची." मुलगी दीड वर्षाची होऊन गेली. हे वाक्य मी अनेकदा ऐकले होते. पुढे 1922 साली सरकारच्या वतीने डॉ. बार्न्स यांनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली होती, तिची माहिती वाचनात आली. कामावर जाताना मूल शांत राहावे म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' देण्याची चाल या बायकांत सर्रास होती. आमच्या घरातल्या मुलीला ती दिली होती असा पुरावा माझ्याकडे नाही, आणि मी तसे म्हणणारही नाही. पण 'शहाणी' हा शब्द मला आता पूर्वीसारखा ऐकू येत नाही. बाळंतपणाच्या रजेत भत्ता देणारा कायदा मुंबई प्रांतात झाला 1929 मध्ये. आदल्या वर्षी कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. पणजीला त्याचा उपयोग नव्हता. तिचे बाळंतपण केव्हाच होऊन गेले होते.

गावच्या घरातल्या ट्रंकेत मनीऑर्डरची कुपने तारेत ओवून ठेवलेली सापडली. मार्च 1926 ते मार्च 1929 या काळातली एकोणतीस. रक्कम कधी चार रुपये, कधी सहा. घेणारा दीर. पाठवणाऱ्याच्या जागी लेखनिकाच्या वळणदार मोडी अक्षरात पणजीचे पूर्ण नाव. आमच्या घरात तिचे नाव लिहिलेला हा एकमेव कागद.

तारखा लावून पाहिल्या. 1928 च्या मे ते ऑक्टोबर एकही कुपन नाही. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या, सहा महिन्यांचा संप चालला होता. नोव्हेंबरला पुन्हा कुपन आहे, तीन रुपयांचे.

याच ट्रंकेत 1927 चा एक फेरफार उतारा आहे. गहाण पडलेली जमीन दिराने सोडवल्याची नोंद. "थोरल्या काकांनी जमीन सोडवली" ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक गणपतीत सांगितली जाते. काकांना दुसरी रोख मिळकत नव्हती. कुपने आणि फेरफार शेजारी ठेवले की पैसा कुठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे गिरण्यांत बायकांची कामे आटत गेली. 1920 च्या दशकात साधारण पाच कामगारांत एक स्त्री असे. लडीच्या सुताची चीनची बाजारपेठ हातची गेल्याने रिळिंग खाते आधीच उतरणीला लागले होते. मंदीत आणि नव्या यंत्रांच्या काळात वाइंडिंगमध्येही कपात झाली. पणजीने खोलीत खानावळ घातली. एकट्याने राहणाऱ्या गाववाल्या कामगारांचे दोन वेळचे जेवण, पैसे पगाराच्या दिवशी. गिरणगाव अशा असंख्य बायकांच्या चुलींवर जेवत होता. त्यांची संघटना, प्रेमाताई पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ, उभी राहायला 1975 उजाडले. घरच्यांना आठवते ती 'हाताची चव' या धंद्यातली आहे.

वंशावळीची नवी प्रत काढायची ठरली तेव्हा मी पणजीचे नाव आणि व्यवसाय घालायला सुचवले. एका चुलतभावाने विचारले, "गिरणीत होती हे छापायचं कशाला?" त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता, संकोच होता. घरच्यांचा हा संकोच पाळून मी या लेखातही तिचे नाव दिलेले नाही. वंशावळीसाठी मात्र माझा आग्रह कायम आहे: पूर्ण नाव, आणि पुढे 'गिरणी कामगार, नंतर खानावळ'.

वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. दिवाळीत घरची वडीलधारी माणसे भेटतील, तेव्हा आजी-पणजी कशी होती हे विचारू नका. ती काय काम करायची, पैसे कोणाच्या हाती जायचे, आणि तिचे माहेरचे नाव काय, हे विचारा. तारेतले कागद फेकण्याआधी तारखा पाहा.

ती जमीन आम्ही आजही कसतो. सातबाऱ्यावर तिचे नाव कधीच लागले नाही.