दुवे मोजणाऱ्यांना उत्तर

संकेतस्थळे चालवणाऱ्यांमध्ये एक मत आता जवळजवळ सिद्धान्ताच्या पदाला पोचले आहे. आपल्या स्थळाकडे बाहेरून किती दुवे येतात ते एखाद्या साधनाला विचारावे. आकडा मोठा असेल तर निश्चिंत व्हावे, लहान असेल तर तो वाढवण्याच्या मागे लागावे. हे मत मला मान्य नाही. पण ते खोडण्याआधी त्याचा पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो उथळ नाही.

पूर्वपक्ष म्हणतो: १९९६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज यांनी ज्या शोधयंत्राचे काम सुरू केले आणि जे पुढे गूगल झाले, त्याचे पहिले नावच ‘बॅकरब’ होते. एखाद्या पानाकडे कोण बोट दाखवते, यावरून त्या पानाचे महत्त्व ठरवायचे, ही त्यामागची कल्पना. तिच्याही मागे यूजीन गारफील्ड यांची १९६४ची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ उभी होती: ज्या शोधनिबंधाचा हवाला इतर संशोधक देतात, तो दखलपात्र. गूगलची सारी इमारत जर दुव्यांवर उभी असेल, तर स्थळाच्या मालकाने दुवे मोजले तर बिघडले कुठे? शिवाय एहरेफ्स, सेमरश, मॉझ, मॅजेस्टिक ही साधने तो आकडा क्षणात हाती देतात.

युक्तिवाद सुटसुटीत आहे. त्याची चूक पहिल्याच पायरीवर आहे.

पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली आपल्या शोधयंत्राची रचना सांगणारा जो निबंध लिहिला, त्यात पेजरँक या पानांचे वजन ठरवण्याच्या पद्धतीचे वेगळेपण स्पष्ट नोंदवले आहे. सगळे दुवे सारखे धरायचे नाहीत, आणि एका पानाचे वजन त्या पानावरून बाहेर जाणाऱ्या दुव्यांमध्ये वाटून टाकायचे. म्हणजे नावाजलेल्या पानावरच्या पाच दुव्यांपैकी एक तुमचा असेल, तर त्या पानाच्या वजनाचा पाचवा हिस्सा तुमच्याकडे येतो. कोणी वाचत नाही अशा हजार दुव्यांच्या यादीत तुमचे नाव असेल, तर मुळातच तुटपुंज्या वजनाचा हजारावा. मोजणाऱ्याच्या वहीत मात्र दोन्हींची नोंद ‘एक’ अशीच होते. ज्यांच्या नावाने हे मोजमाप चालते, त्यांनीच ते अपुरे ठरवलेले आहे. मग पूर्वपक्षाकडे कोणाचा आधार उरला?

आता दुसरा प्रश्न. ही बेरीज कशाची? टेड नेल्सन यांनी १९६० साली मनात धरलेल्या ‘झनाडू’ प्रकल्पात दुवा दोन्ही बाजूंनी दिसणार होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न येथे जाळ्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या जाळ्यात दुवा एकाच दिशेने जाऊ लागला. दुवा देणाऱ्याने परवानगी मागायची नाही, कळवायचेही नाही. याच मोकळिकीमुळे जाळे इतके वाढले, आणि याच मोकळिकीमुळे आपल्याकडे कोण बोट दाखवते हे आपल्याला दिसत नाही. ते कळायला बाकी सगळ्यांची पाने वाचावी लागतात. प्रत्येक साधनाचा यांत्रिक वाचक स्वतःच्या कुवतीपुरता भाग वाचतो; अनेक स्थळे त्याला दारातच अडवतात. म्हणून चार साधनांना विचारा, चार आकडे मिळतील. यांतला खरा कोणता? एकही नाही.

‘मग गूगललाच विचारू,’ असे कोणी म्हणेल. जरूर विचारावे. गूगलच्या सर्च कन्सोल या साधनातल्या ‘लिंक्स’ या अहवालात तक्ता जास्तीत जास्त १,००० ओळींचा, आणि उतरवून घेतलेली फाइल जास्तीत जास्त १,००,००० ओळींची. ती उतरवण्याच्या बटणाखाली दोन पर्याय येतात: ‘लेटेस्ट लिंक्स’ आणि ‘मोअर सॅम्पल लिंक्स’. गूगल स्वतः त्यांना नमुना म्हणते. आपण त्याला बेरीज म्हणतो!

येथे पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा येतो. संपूर्ण आकडा नसला म्हणून काय झाले. एकाच साधनाने माझे स्थळ आणि प्रतिस्पर्ध्याचे स्थळ मोजले, तर तुलना न्याय्यच होईल. ढोबळ अंदाजापुरते हे मी मान्य करतो. पण तुलना कशाची होते ते पाहा. पाच हजार पानांच्या एखाद्या स्थळाने तळपट्टीत तुमचा दुवा टाकला, की तुमच्या खात्यात पाच हजार दुवे जमा! म्हणून तर ही साधने दुव्यांची आणि दुवा देणाऱ्या स्थळांची संख्या वेगवेगळी दाखवतात. तीही विकत घेता येते, हे जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीच्या प्रकरणात उघड झाले. असंबद्ध स्थळांवर पेरलेल्या हजारो दुव्यांच्या बळावर तिची पाने कित्येक शोधांत अग्रभागी होती. २०११च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हे बाहेर आणले आणि गूगलने कारवाई केली. सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगांच्या शोधात संध्याकाळी सात वाजता पहिली असलेली ही कंपनी दोन तासांनी ७१व्या क्रमांकावर होती. मोजणाऱ्याच्या हिशेबात मात्र काहीच बदलले नव्हते. दुवे तेवढेच होते.

काही जण सर्व्हरच्या नोंदवहीवर भिस्त ठेवतात: पाहुणा कुठून आला ते तिथे उमटते. उमटते, पण अर्धवट. २०२०पासून क्रोम दुसऱ्या स्थळाला मूळ पानाचा पूर्ण पत्ता न देता, वेगळी सूचना नसेल तर, नुसते डोमेन कळवतो. व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक बहुधा ‘थेट आला’ असाच दिसतो. ज्या दुव्यावर कोणी टिचकीच मारली नाही, तो या वहीत येणारच नाही. आणि खोटा पत्ता लिहून जाणारी यंत्रेही थोडी नाहीत.

तर मग शोध सोडून द्यायचा? मुळीच नाही. माझे म्हणणे एवढेच, की दुवे वाचायचे असतात. मराठी स्थळांना तर याची निकड अधिक. देवनागरी पत्ता नकलून दुसरीकडे चिकटवला, की त्यातली प्रत्येक अक्षरखूण टक्केचिन्हांसह नऊ चिन्हांची होते. ‘मराठी’ या पाच खुणांच्या शब्दाची ४५ चिन्हे! लांबलचक मथळ्याचा असा पत्ता कुठेतरी तुटतो, शेपूट गळते, आणि तुमच्या लेखाचा कौतुकाने दिलेला दुवा ‘४०४’वर जाऊन आदळतो. आकड्यात हा दुवा धडधाकट दिसतो. पत्ता वाचला तरच कळते की तो मेलेला आहे. मग योग्य पानाकडे वळवणारी एक ओळ लिहिली की काम भागते.

विकिपीडियाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील बाह्य दुव्यांवर २००७पासून ‘नोफॉलो’ची, म्हणजे शोधयंत्रांनी हा दुवा धरू नये असे सांगणारी, खूण असते, म्हणून मोजणारे त्यांना कवडीमोल समजतात. पण तिथे ‘लिंकसर्च’ हे विशेष पान आहे. त्यात आपले डोमेन टाका, की कोणकोणत्या लेखांत तुमचा हवाला आहे याची यादी समोर येते, तीही फुकट. मग तो लेख उघडा आणि तुमच्या पानाचा आधार कोणत्या विधानाला दिला आहे ते पाहा. तुम्ही जे लिहिलेच नाही, ते तुमच्या नावावर खपत असेल तर? कोणत्या आकड्यातून हे कळले असते?

दोन्ही बाजू वाचकांपुढे आहेत. निकाल देण्यापूर्वी एकच विनंती: सर्च कन्सोलमधून ‘लेटेस्ट लिंक्स’ची फाइल उतरवून घ्या, तिच्यातले पहिले वीस पत्ते एकेक करून उघडा, आणि प्रत्येक पानावर तुमच्याबद्दल काय लिहिले आहे ते वाचा.