प्रमाण



'प्रमाण' हा शब्द आपण दोन अर्थांनीं वापरतों. औषध योग्य प्रमाणांत घ्यावें, असें वैद्य सांगतो. 'याला प्रमाण काय?' असें वादांत प्रतिपक्षी विचारतो. एके ठिकाणीं अर्थ परिमाण, दुसरीकडे पुरावा. हे दोन अर्थ एका शब्दांत कसे नांदतात, तें आज पाहूं.

संस्कृतांत 'मा' धातूचा अर्थ मोजणें. मान, परिमाण, अनुमान व उपमा हे शब्द त्याच धातूचे. ज्यानें मोजावें तें प्रमाण. न्यायशास्त्रानें प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशीं चार प्रमाणें मानलीं, तीं ज्ञानाचा खरेखोटेपणा मोजण्यासाठींच.

गणितांतही हा शब्द आहे. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० मध्यें, रचलेल्या 'लीलावती'त त्रैराशिकाच्या पदांना प्रमाण, फल व इच्छा म्हटलें आहे. पांच शेर तांदुळास दहा रुपये, तर आठ शेरांस किती? येथें पांच हें प्रमाण, दहा हें फल आणि आठ ही इच्छा, उत्तर सोळा. अट एकच : प्रमाण व इच्छा एकजातीय हवींत. दोन दुकानांचे शेर लहानमोठे असतील, तर हिशेब बिनचूक येऊनही गिऱ्हाईक नाडलें जातें.

ही अडचण बाजारांत कशी सोडवीत, याचा एक दाखला आचार्यांच्याच घराण्याशीं निगडित आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनीं चाळीसगांवाजवळ पाटण येथें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. त्या मठास दिलेल्या दानांचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला. त्याच्या जुन्या मराठी भागांत असा निर्बंध आहे कीं, मोजावयाचें तें मठाच्या मापानें मोजावें, आणि मोजणीच्या हक्काचा अर्धा वांटा मठास व अर्धा मापाऱ्यास द्यावा. म्हणजे सर्वांस एक माप मिळालें. पण माप ज्याचें, उत्पन्नही त्याचें!

'लीलावती'त चार कुडवांचा एक प्रस्थ होतो. आमच्या जवाहरनगरच्या आसपासच्या धानाच्या मुलखांत जुनीं माणसें 'कुडो' म्हणत, तें माप मात्र कितीतरी मोठें. नांव टिकलें, पण माप निराळें झालें. असा गोंधळ गांवोगांव होता. १९५६ च्या कायद्यानें देशभर मेट्रिक मापें ठरविलीं, आणि शेर, पायली, खंडी हळूहळू मागें पडलीं.

आज दुकानांतील वजनावर सरकारी तपासणीचा शिक्का असतो. ज्यानें मोजावें तें, आणि जें उभयपक्षीं मान्य तें, असे या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या शिक्क्यांत एकत्र येतात. तेव्हां धान्य घेतांना भावाबरोबर शिक्काही पाहावा. शिक्का नसेल, तर दुकानदारास 'याला प्रमाण काय?' असें विचारण्याचा आपणांस हक्क आहे.