तळटीप १२ : ‘जिनिव्हाची पूर्णसभा’

१२. संयुक्त राष्ट्रांच्या माहिती समाज शिखर परिषदेत (पहिला टप्पा जिनिव्हा, १०–१२ डिसेंबर २००३, दुसरा ट्यूनिस, नोव्हेंबर २००५) भाग घेणाऱ्या स्वयंसेवी संस्था-संघटनांची खुली सभा. सरकारी प्रतिनिधींची पूर्णसभा वेगळी. इथे तिचा संबंध नाही.

मानवी हक्क, स्त्री-पुरुष समता, अपंगांचे प्रश्न, इंटरनेटचा कारभार अशा एकेका विषयाचे गट आपापला मजकूर तयार करत. ‘आशय व विषय’ नावाचा गट तो जुळवून घेई आणि शेवटचा शब्द पूर्णसभेचा असे. याशिवाय एक ब्युरो होता. सभेच्या खोल्या, वेळा, सरकारी ब्युरोशी बोलणी हे त्याचे काम. मजकुराला मात्र त्याने हात लावायचा नाही. ही मर्यादा फार मोलाची होती, कारण व्यवस्था पाहणारे थोडे लोक सगळ्यांच्या वतीने भूमिका ठरवू लागण्याचा धोका तिने टळला.

सरकारी मसुद्यात आपल्या मागण्या पुरेशा उतरत नाहीत, हे दिसल्यावर या संघटनांनी स्वतःचा जाहीरनामा लिहायला घेतला. पूर्णसभेने तो ८ डिसेंबर २००३ रोजी एकमताने संमत केला. सरकारांचा जाहीरनामा १२ डिसेंबरला आला.